सहा टोले, मग वयाचे

१

कचेरीत केशव वैजापूरकरला मागून सगळे ‘वयवाले’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

पोलीस अॅक्शन होऊन तीन वर्षं होत आली होती. निजामाचं राज्य गेलं, पण औरंगाबादच्या कचेरीत टेबलं तीच होती, माणसं तीच होती आणि भिंतीतली वाळवीही तीच होती. बदलला होता तो सन. इतकी वर्षं सगळे दाखले फसली सनात लिहिलेले, आता ते इंग्रजी सनात हवेत असा हुकूम आला, आणि नोकरांच्या जन्मतारखा बदलून लिहायचं काम केशवच्या गळ्यात पडलं. फसली सनात पाचशे नव्वद मिळवायचे, काही महिन्यांना एक्क्याण्णव. दिवसाला चाळीस-चाळीस तारखा तो हातावेगळ्या करी.

हे करता करता त्याला माणसांची नवीच ओळख पटली. कागदावरचं वय जवळजवळ प्रत्येकाचं खोटं. कुणाचं शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजानं ठोकून दिलेलं, कुणाचं नोकरीची वर्षं वाढावीत म्हणून घटवलेलं. पट्टेवाला रामकिसन तर कागदोपत्री आपल्या थोरल्या मुलापेक्षा जेमतेम नऊ वर्षांनी मोठा होता. केशव घरी येऊन असल्या गमती बायकोला सांगे. भानुमती हसे, पण बेताचंच हसे, आणि पानं घ्यायला उठे.

त्या सोमवारी पेशकार आप्पासाहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

“केशवराव, छावणीतलं ते गोऱ्यांचं पडीक गिरजाघर पाहिलंय का?”

“बाहेरून पाहिलंय, साहेब.”

“आता आतून पाहा. तिथं धान्याचं गोदाम करायचं म्हणतात. त्याआधी इमारतीचा इतिहास लिहून हवाय. कधी बांधली, कुणी वापरली, बंद कधी पडली. दोन पानं पुरेत, शनिवारी द्या.”

“इतिहास मी काय लिहिणार?”

“तुम्हाला इंग्रजी येतं आणि तारखा लावता येतात. इतिहासाला आणखी काय लागतं?”

केशवनं मान डोलावली. पाचच्या आत घरी पोचता आलं की त्याची कशालाच ना नव्हती. लग्नानंतर दहा वर्षांनी भानुमतीला दिवस गेले होते आणि आता नववा सरत आला होता. तिचं आणि बाळाचं सुखरूप व्हावं, एवढी एकच गोष्ट त्याला त्या दिवसांत हवी होती. गिरजाघर, गोदाम आणि इंग्रज, त्याच्या लेखी सगळे सारखेच होते.

२

मंगळवारी जेवून तो सायकलवर निघाला. भडकल दरवाजा, मग खाम नदीवरचा बारापुल्ला दरवाजा, आणि तिथून पुढं छावणी. भादव्यातलं ऊन चांगलंच भाजत होतं. लिंबाच्या झाडांमागं गिरजाघर उभं होतं. निम्म्या छपराची कौलं खाली आलेली, समोर चौकोनी मनोरा, त्याच्या वरच्या खिडक्यांच्या फळ्या गळून गेलेल्या. एका खिडकीतून बघितलं की पलीकडच्या खिडकीतलं आभाळ सरळ दिसे. मध्ये काहीच नव्हतं.

आवाराच्या कडेला एका खोलीत राखणदार राहत होता. सांडू त्याचं नाव, वय सत्तरीच्या घरातलं. त्याचा आजा किरिस्ताव झाला तेव्हापासून या देवळाची झाडलोट आणि घंटा त्याच्याच घराकडं होती.

“मोठ्यानं बोला साहेब,” तो कानामागं हात धरून म्हणाला. “चाळीस वरसं घंटेखाली गेली. कान गेले माझे.”

“घंटा कुठं आहे मग?”

“नेली. शेवटची पलटण गेली तवा लारीत घालून नेली. लई जड व्हती. धा मान्सं लागली.”

आत पारव्यांची घाण आणि जुन्या लाकडाचा वास होता. बाकं ओळीनं तशीच होती. प्रत्येक बाकाच्या पाठीला एक एक खाच होती. केशवनं सहज आपली छत्री त्या खाचेत टेकवली, ती नेमकी बसली.

“बंदुकीसाठी हाये ती,” सांडू म्हणाला. “गदर झाला तवापासून गोरे देवापुढं बी बंदूक घिऊन बसायचे.”

केशवनं ते टिपून घेतलं. इतिहासाचं एक वाक्य तर झालं. मग तो मनोऱ्याखालच्या लहानशा खोलीत गेला. वरच्या लाकडी तक्तपोशीला परातीएवढं भोक होतं आणि त्यातून दोर खाली लोंबत होता. दोराला धरायच्या जागी लाल लोकर गुंडाळलेली होती.

“घंटा नेली आणि दोर ठेवला?”

“दोर कशाला नेतील?”

बोलणं बरोबर होतं. केशवनं लोकर चाचपून पाहिली. खोलीत सगळ्यावर बोटभर धूळ होती, पण लोकर स्वच्छ होती आणि हाताला किंचित ओलसर लागली. आताच कुणी सोडली असावी तशी. सांडूच धरत असेल सवयीनं, असं म्हणून त्यानं हात धोतराला पुसला.

३

पाद्र्याच्या कपडे बदलायच्या खोलीत एक कपाट होतं. त्यात बारशांची, लग्नांची आणि मयतांची अशी तीन जाडजूड रजिस्टरं वाळवीनं कृपा करून सोडलेली. केशवनं मयतांचं रजिस्टर खिडकीशी घेतलं. अक्षर सुरेख होतं. नाव, वय, मेल्याची तारीख, पुरल्याची तारीख. वाचता वाचता उन्हाची तिरीप जमिनीवरून भिंतीवर चढली.

तेवढ्यात घंटा वाजली.

एक टोला, मग दुसरा, सावकाश. दोहोंत एक लांब श्वास घेता येईल इतकं अंतर. शहरातल्या कुठल्याशा शाळेची असेल, असं केशवला वाटलं. पण मोजायची खोड अंगात मुरलेली. हातातल्या पेन्सिलीनं तो कागदाच्या कडेला आपसूक रेघा मारत गेला. सहा टोले झाले आणि थांबले. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाले, आणि या खेपेला थांबेनात. शाळेची घंटा इतकी वाजत नाही. आवाज फार मोठा नव्हता, पण टेबलावरची धूळ प्रत्येक टोल्याला जरा हलत होती.

थांबल्यावर त्यानं रेघा मोजल्या. सहा, आणि मग एकोणतीस. घड्याळात पावणेचार झाले होते.

तो मनोऱ्याखालच्या खोलीत गेला. दोर स्थिर होता. बाहेर येऊन त्यानं वर पाहिलं. खिडकीतून खिडकीतलं आभाळ दिसत होतं, एक पारवा आरपार उडून गेला. सांडू लिंबाखाली काटक्या मोडत बसला होता.

“सांडूबा! आता घंटा वाजली ती कुठली?”

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं नीट बघितलं. “मला कानानं काय ऐकू येतंय साहेब?” तो म्हणाला आणि पुन्हा काटक्या मोडू लागला.

केशव परत निघाला. वाऱ्यावर आवाज कुठून कुठं जातो, काय नेम? नदीपलीकडं गिरणी आहे, दौलताबादेच्या वाटेवर पडेगावाकडं आणखी काय काय असेल. पुलापर्यंत त्यानं अशी चार कारणं शोधली. चारही पटण्यासारखी होती, आणि एकसुद्धा त्याला पटलं नाही.

४

बुधवारी तो पुन्हा गेला. मयतांचं रजिस्टर उघडलं आणि काल न दिसलेली गोष्ट दिसली. प्रत्येक नोंदीच्या डाव्या कडेला पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. आधी थोड्या, मग मोकळी जागा, मग पुष्कळ. वर एक तारीख.

त्यानं काल स्वतः मारलेल्या रेघांचा कागद शेजारी ठेवला. दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

रजिस्टर घेऊन तो सांडूकडं गेला आणि मोठ्यानं विचारलं, “या रेघा कसल्या?”

“घंटेच्या. मान्सासाठी वाजवायची घंटा.” सांडू बोटांवर दाखवू लागला. “गडी असला तर नऊ टोले. बाई असली तर सहा. लेकरू असलं तर तीन. मग जरा दम खायचा आन् वयाचे वाजवायचे. जितकी वरसं, तितके टोले. ऐकनाराला समद्याला कळायचं कोन ते. माझा बाप शिकलेला नव्हता, पेरांवर मोजायचा. असा.” त्यानं उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या एकेका पेरावरून सरकवत नेला. “कधी चुकला नाय.”

“माणूस मेलं की वाजवायची?”

“मेलं की कशाला?” सांडू म्हणाला. “हुकूम आला की वाजवायची.”

“कुणाचा हुकूम?”

“ते बापानं सांगितलं नाय. मी इचारलं नाय.”

केशव खोलीत परत आला आणि तारखा लावू लागला. पहिल्या नोंदीत घंटेची तारीख चौदा, माणूस मेला सतराला. दुसरीत घंटा दोन तारखेला, मरण पाच तारखेला. त्यानं पानं उलटली. तीस नोंदी पाहिल्या, चाळीस पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी घंटा आधी आणि मरण तीन दिवसांनी.

क्षणभर त्याच्या डोक्यात काहीच शिरेना. मग तो चक्क हसला. असला घोळ त्याच्या रोजच्या पानातला होता. घंटेची तारीख लिहिणारा एका पंचांगानं चालत असणार आणि मरणाची लिहिणारा दुसऱ्या. फरक सगळीकडं सारखा आहे, म्हणजे चूकही एकच आहे. त्यानं इतिहासाच्या कागदावर ठसठशीत लिहिलं, ‘घंटेच्या तारखा चुकीच्या नोंदल्या गेल्या आहेत.’

लिहून झाल्यावर त्याला ती एक नोंद दिसली. बावीस वर्षांचा सार्जंट, घोड्यावरून पडून जागच्या जागी गेला. शेजारच्या रकान्यात पाद्र्यानंच लिहिलं होतं की हा अपघात कवायतीच्या वेळी सर्वांदेखत झाला. त्याचीही घंटा तीन दिवस आधीची. आणि कडेला पाद्र्याच्या सुरेख अक्षरात एकच शब्द होता. ‘पुन्हा.’

त्यानं रजिस्टर मिटलं. सहा म्हणजे बाई. एकोणतीस म्हणजे एकोणतीस वर्षांची बाई. मंगळवार अधिक तीन म्हणजे शुक्रवार. हे सगळं त्याच्या डोक्यानं त्याला न विचारताच मांडून टाकलं, आणि त्याला स्वतःच्या डोक्याचा राग आला.

५

संध्याकाळी जेवताना त्यानं भानुमतीला विचारलं, “तुझं वय काय गं?”

तिचा वाढता हात थांबला. “आज हे काय मधेच?”

“सहज.”

“सव्वीस. पत्रिकेत आहे की.”

पत्रिका ट्रंकेत होती. हात धुऊन त्यानं ती काढली, मोजलं, पुन्हा मोजलं. सव्वीस पुरी, सत्ताविसावं चालू. कसंही धरलं तरी एकोणतीस होत नव्हती. आई तर पन्नाशीच्या पुढची, तिचा प्रश्नच नव्हता. घरात तिसरी बाई नाही. केशवला इतकं हलकं वाटलं की त्यानं ताकाची आणखी एक वाटी मागून घेतली. औरंगाबादेत एकोणतीस वर्षांच्या बायका काय थोड्या असतील? मग लगेच त्याला त्या अनोळखी बाईची लाज वाटली आणि त्यानं वाटी बाजूला सारली.

“बरं नाही का वाटत?” आई म्हणाली. यमुनाबाई ओसरीवर जप करत बसल्या होत्या, अंगठा पेरांवरून फिरत होता. केशवनं नजर दुसरीकडं वळवली.

“ऊन लागलं असेल,” तो म्हणाला.

गुरुवारी तो गिरजाघराकडं फिरकलाच नाही. कचेरीत बसून त्यानं सत्तर तारखा बदलल्या, त्यांतल्या अकरा चुकल्या. आप्पासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

६

शुक्रवारी पहाटेच भानुमतीच्या पोटात दुखू लागलं. सुईण साळूबाई आली. पाणी तापलं, आईही आत गेली, खोलीचं दार लागलं. केशवला ओसरीवर घालवून देण्यात आलं. दुपारचे दोन वाजले तरी सुटका होईना. आतले आवाज आधी मोठे होते, मग बारीक होत गेले, आणि बारीक झाल्यावर त्याला जास्त भीती वाटू लागली.

दाराआडून साळूबाईचा आवाज आला. “बाई, एक इचारते, खरं सांगा. पहिलटकरीण हायसा. वय किती तुमचं?”

“सव्वीस.”

“आंगावरनं दिसत नाय. मला फसवू नका, तुमच्याच जिवाशी गाठ हाये. वय जास्त असंल तर मला येगळं बगावं लागंल.”

मग भानुमती बोलली. आवाज थकलेला होता, पण शब्द न् शब्द स्वच्छ होता.

“एकोणतीस. आश्लेषेवर जन्म माझा. सासूला वाईट म्हणतात. स्थळं येईनात, म्हणून मामांनी दुसरी पत्रिका करवून घेतली, तीन वर्षांनी पुढची. सासूबाई, मला माफ करा.”

आईनं काय उत्तर दिलं ते केशवला ऐकू आलं नाही. त्याच्या कानात घों घों होत होतं. अख्ख्या कचेरीची वयं तपासणारा माणूस, आणि घरातला कागद दहा वर्षांत कधी उलटून पाहिला नव्हता.

दार किलकिलं झालं. साळूबाईच्या कपाळावर घाम होता. “दादा, दवाखान्यातल्या बाईंना आना. लवकर. रगत थांबंना झालंय.”

७

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी लगेच पेटी उचलली आणि टांगा बोलावला. केशवनं टांगेवाल्याला पत्ता सांगितला. आता त्याच्या मागोमाग घरी जायचं, एवढंच उरलं होतं. चौकात टांगा घराकडं वळला आणि केशवची सायकल छावणीकडं.

आपण काय करतोय हे त्याला नीट कळत नव्हतं. पण डोक्यात एक गोष्ट पक्की होती आणि ती कारकुनाला शोभणारी होती. नोंद अजून मिटलेली नाही. एकोणतीसवर थांबली म्हणजे संपली असं कुणी सांगितलं? पुढं लिहिता येतं. तिसावा टोला पडला की ती नोंद भानुमतीची राहत नाही. शंभरापर्यंत न्यायचं. शंभर वर्षांची म्हातारी गेली तर कुणाला वाईट वाटेल?

सांडू आवारात दिसला नाही. मनोऱ्याखालच्या खोलीत गारवा होता. केशवनं लाल लोकर दोन्ही हातांनी धरली आणि ओढली.

वर घंटा नव्हती, म्हणजे दोर नुसता सळसळत खाली यायला हवा होता. तो तसा आला नाही. जड आला. वर काहीतरी मोठं कलंडल्याचं ओझं खांद्यापर्यंत जाणवलं. आवाज मात्र काही झाला नाही. पायाखालची फरशी तेवढी हलली.

“तीस,” केशव मोठ्यानं म्हणाला.

एकतीस. बत्तीस. दोर खाली येई, वर जाई. पस्तिसाला त्याला रडू आलं, आनंदानं आलं असावं. चाळिसाला तळहात सोलले. पंचेचाळीस, शेहेचाळीस. पन्नाशी पार झाली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं भानुमतीचं पाठमोरं रूप होतं, ताट वाढायला उठलेलं. तो मोजत राहिला. चोपन्न. पंचावन्न. छप्पन्न.

सत्तावन्नाला दोर आला नाही.

त्यानं जोर लावला, पाय उचलून सगळा भार टाकला. दोर भिंतीत चिणल्यासारखा ताठ राहिला. वर कुणीतरी धरला होता.

केशवनं मान वर केली. भोकाच्या काठावर उजेड होता, आणि उजेडात एका हातानं दोर धरलेला दिसत होता. दुसरा हात काठावर पालथा टेकलेला होता. तो सावकाश उताणा झाला. बोटं सुटी झाली, आणि अंगठा एकेका पेरावरून सरकू लागला. घाई नव्हती त्याला. शेवटच्या पेरावर अंगठा थांबला आणि तिथंच राहिला.

मग दोर वर जाऊ लागला. लाल लोकर केशवच्या मुठीतून निसटली, डोक्यावरून गेली आणि भोकात शिरून दिसेनाशी झाली.

तो बाहेर कसा आला ते त्याला आठवत नाही. सांडू मनोऱ्याच्या भिंतीशी उभा होता. मुंडासं काढून काखेत धरलेलं, आणि तळहात भिंतीवर सपाट टेकवलेला.

“भिंतीला हात लावला की मला कळतं,” तो म्हणाला. “बाईमानूस. छप्पन्न. एका दमात नाय झाले साहेब, मधी तीन दिस थांबले. पर मोजून छप्पन्न.” आणि मग, दुखवट्याच्या घरी विचारतात तसं हळूच विचारलं, “तुमच्यातली व्हती का कुनी?”

८

बारापुल्ल्यावरून सायकल हाणताना त्याच्या ध्यानात आलं की घरात बायका दोन आहेत. इतका वेळ त्यानं एकच धरली होती. दोन दिवसांपूर्वी आईचा हिशोब त्यानं ‘पन्नाशीच्या पुढची’ एवढ्यावर सोडून दिला होता. नेमकं किती, ते त्याला ठाऊक नव्हतं.

दारात टांगा उभा होता. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर येत होत्या.

“कुठं होतात हो तुम्ही? मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. थोडं अवघड होतं, पण साडेतीनच्या सुमारास रक्त आपसूक थांबलं. नशीब तुमचं.”

केशवनं सायकल तशीच टाकली. आत जाऊन त्यानं भानुमतीचा हात धरला, तो गरम होता. ती डोळे न उघडता म्हणाली, “रागावलात?” त्यानं नुसती मान हलवली आणि तिच्या कपाळावर आपला सोललेला हात ठेवला. इतकं सुख त्याला जन्मात झालं नव्हतं, आणि इतकी भीतीही.

ओसरीवर यमुनाबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तोंडभर हसत होत्या.

“ये केशवा. चार वाजून सात मिनिटांनी झाली. घड्याळ बघूनच सांगते. वहीत लिहून ठेव, आणि खरं लिही हो. हिची पत्रिका खोटी नको.”

“आई, भानूचं ते... आश्लेषेचं...”

“मला लग्नाआधीच ठाऊक होतं रे.” त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. “तिचा मामा बोलताना अडखळला तेव्हाच मी ओळखलं. पण पोर गुणाची होती, डोळ्यांत भरली. म्हटलं, सासूला वाईट तर सासू मी आहे, माझं मी बघेन. दहा वर्षं झाली, काय झालं मला? चांगली ठणठणीत आहे. असली खुळं कुणी मानतं का?”

केशवनं दौत पुढं ओढली. टाक बुडवला आणि न लिहिताच खाली ठेवला.

“आई, तुझं वय काय?”

“अगोबाई, आज माझं कुठून निघालं?” यमुनाबाई हसल्या. “आमची कुणी लिहून ठेवलीत? हैदराबादेत मुशीला मोठा पूर आला त्या साली माझं लग्न झालं. तेव्हा मला बारावं होतं म्हणायचे. आत्या म्हणायची चौदावं. धाकटा भाऊ दुष्काळात झाला, तो माझ्याहून चारांनी लहान, का पाचांनी...”

त्यांनी उजवा हात उताणा केला. अंगठा पेरांवरून सरकू लागला. केशव त्या अंगठ्याकडं बघत राहिला. त्याच्या डोक्यानं त्याला न विचारता मांडायला सुरुवात केली होती. बारा धरले तर पंचावन्न, चौदा धरले तर सत्तावन्न, आणि मधला आकडा त्याला मनातसुद्धा म्हणवेना.

बाळ रडलं. अंगठा मधेच थांबला.

“मेलं, जाऊ दे,” यमुनाबाई नातीला खांद्यावर घेत म्हणाल्या. “आठवणीतून पुसलं गेलं सगळं माझं. मंगळवारी हिची पाचवी पुजायची आहे ना, तेव्हा निवांत बसू आणि तूच लाव हिशोब. तारखा लावायला तुझ्यासारखं कोण आहे?”

शुक्रवार अधिक तीन म्हणजे सोमवार. “आजच लावू, आई.”

“आजच कशाला? चार दिवसांनी काय बिघडतं?” असं म्हणून त्या बाळाला थोपटत आत गेल्या.